नकोचा कोपरा

देवाला प्रश्न विचारायला येणाऱ्या माणसांचा एक भाबडा समज असतो, की ऐकणारा एकटा देवच आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला वडाखाली भूमिआजोबांचं देऊळ आहे. तिथली झाडलोट, दिवाबत्ती आणि चहाचं आधण ही कामं माझ्याकडं. माणसं येतात, उदबत्ती लावतात, गुडघे टेकतात आणि डोळे मिटून पुटपुटायला लागतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, मग प्रश्न. आता आमच्या तैवानातल्या ताइनानच्या माणसांचं पुटपुटणं म्हणजे रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं. आजोबांचे कान लाकडाचे आहेत, माझे नाहीत. त्यामुळं कोणाची सून कोणाशी बोलत नाही आणि कोणाला कुठं बदली हवीय, हे आजोबांच्या आधी मला कळतं. मी कुणाला सांगत नाही. म्हणजे फारसं सांगत नाही.

यिनहुआचं मात्र सांगतो, कारण ते सगळ्या गल्लीनं पाहिलंय.

यिनहुआचा नवरा मूशेंग मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की भाव पुकारला की बर्फातले मासे दचकून उठतील असं आम्ही म्हणायचो. घरी आल्यावरही लिलाव चालूच. सगळा संसार तो बोलत राहिला आणि ही मान डोलवत राहिली. मग दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळतं सगळं. आमच्या बुद्धिबळात कुणी चुकीची खेळी केली तर अजून डोळे वटारतो. पण तोंडातून ‘उं’च्या पलीकडं काही निघत नाही. वर मान जी डुलायला लागली ती थांबायचं नाव घेईना. काहीही विचारा, मान आपली हो-हो करतेय.

मग काय, यिनहुआला रान मोकळं मिळालं. रोज सकाळी ती त्याची चाकाची खुर्ची ढकलत वडाखाली आणायची, चाकाला अडसर लावायची आणि त्याच्या वतीनं बोलायला सुरुवात करायची.

“कुओदादा, मूशेंग म्हणतोय आज चहात पत्ती जास्त झालीय.”

“कधी म्हणाला तो?” मी विचारायचो.

“आत्ता. मान बघा की.”

“मूशेंग, चहात पत्ती कमी झाली का रे?” मी मुद्दाम विचारायचो. मान तशीच डुलायची.

“बघा,” ती म्हणायची, “तुमचं मन राखायला हो म्हणतोय. पहिल्यापासून भिडस्त.”

भिडस्त म्हणे. ज्यानं अख्ख्या बाजाराला शिव्या घातल्या तो भिडस्त. के मास्तर, म्हणजे आमचे निवृत्त शाळामास्तर, ते रोज माझ्याशी बुद्धिबळ हरायला येतात. ते तिला वकीलबाई म्हणायचे. मूशेंगला विड्या ओढणारे शेजारी चालत नाहीत, मूशेंगला देवळापुढचा संगीत नाटकाचा गोंगाट नकोसा होतो, मूशेंगला दुपारी कारल्याचं सूप लागतं. हे सगळं वकीलबाईंकडून कळायचं. आता हा मनुष्य आधी ताटात कारलं दिसलं की ताट सरकवायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. डावा हात चांगला चालतो, पण त्यानं वाटी कधी ढकलली नाही. गुमान पीत होता. ती चमच्यानं भरवायची, त्याची हनुवटी पुसायची, आणि ज्या मायेनं पुसायची ते बघून सुपाविषयी बोलायचं आमचं धाडस व्हायचं नाही.

मग इस्पितळातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी काडी टाकली. म्हणाल्या, एखादा टॅब घ्या. नवा नको, जुना दुरुस्त केलेला चालेल. त्यात चित्रांचं एक पान फुकट मिळतं. पाणी, जेवण, झोप, दुखतंय, हो, नको. त्यांनी डाव्या हातानं बोट लावायचं, यंत्र मोठ्यांदा बोलेल.

दुसरी कुणी असती तर त्याच संध्याकाळी घेऊन आली असती. यिनहुआ कौल लावायला आली.

कौल आमच्याकडं दोन लाकडी तुकड्यांनी लावतात. चंद्रकोरीसारखे, एकीकडं सपाट, एकीकडं फुगीर. ओंजळीतून जमिनीवर सोडायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर आजोबा ‘हो’ म्हणाले. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर ‘नाही’. आणि दोन्ही सपाट वर आल्या, तर आजोबा हसले. हसले म्हणजे तुझा प्रश्नच धड नाही, किंवा उत्तर तुला माहीत आहे आणि उगाच माझा वेळ खातेस. मोठं काम असेल तर सलग तीनदा ‘हो’ यावं लागतं.

तिनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला आणि विचारलं, “आजोबा, जुना टॅब घेऊ का?”

आजोबा हसले.

“पत्त्यात मजला सांगितला नाहीस,” के मास्तर पटावरची नजर न काढता म्हणाले. तिनं मजला सांगितला. आजोबा पुन्हा हसले. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, बॅटरी टिकेल का. हसले. त्यात आधीच्या मालकाची पीडा चिकटलेली असेल का. हे मास्तरांनीच तिच्या डोक्यात भरवलं होतं, मेलेल्या माणसाचा असला तर काय घ्या. त्यालाही आजोबा हसले. मग डोळ्यांना त्रास होईल का, वीज जास्त खाईल का, पावसाळ्यात बिघडेल का. आठवडाभर आजोबांना दुसरं कामच राहिलं नाही. मी देवळात एवढी वर्षं काढली, पण त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

“अगं बाई, नको तर नको घेऊ,” मी वैतागून म्हणालो. “त्यांना दमवू नकोस.”

“घ्यायचा तर आहेच,” ती म्हणाली. “मूशेंगला पण हवाय.”

“असं तो म्हणाला?”

मी चहाचे पेले विसळायला मागं गेलो. तिला वाटलं मी लांब गेलो. तिनं पुन्हा गुडघे टेकले, तुकडे हातात धरले, आणि या वेळी खरोखरच हळू बोलली, पण माझे कान कसे आहेत ते सांगितलंच आहे.

“आजोबा,” ती म्हणाली, “आमचा मुलगा पोयुन म्हणतो बाबांना शिनचूला आणून ठेव. त्याच्या घराजवळ जागा आहे, नर्स असतात, बाग आहे, रोज व्यायाम घेतात. मी त्याला सांगितलं, तुझे बाबा नाही म्हणतात. ते काही म्हणाले नव्हते हो, मीच म्हणाले. आता हा बोलायला लागला आणि म्हणाला मला जायचंय, तर मी काय करू?”

तिनं तुकडे टाकलेच नाहीत. तसेच जागेवर ठेवले आणि म्हणाली, “हे मी विचारलंच नाही असं समजा.”

मी तिथंच पेला हातात धरून उभा राहिलो. इतके दिवस मी तिची टर उडवत होतो, आणि मला वाटत होतं बाईचा जीव पैशात अडकलाय. वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मी गप्प बसेन असा माझा स्वभाव नाही.

“यिनहुआ,” मी बाहेर येऊन म्हणालो, “बोलायचंय कुणाला?”

“मूशेंगला.”

“मग कौल तू कशी लावतेस? ज्याचं काम त्यानं लावायचा. एवढी साधी रीत विसरलीस? आजोबा हसतील नाही तर काय करतील?”

“त्याचा हात चालत नाही,” ती घाईनं म्हणाली.

“डावा चालतो.”

“डाव्या हातानं लावलेला कौल चालतो होय?” तिनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, आजोबांनी डाव्या-उजव्याची चौकशी केलेली त्यांच्या तरी ऐकिवात नाही. मी दोन्ही तुकडे मूशेंगच्या डाव्या तळव्यावर ठेवले. त्यानं ते बराच वेळ धरून ठेवले. नाव, पत्ता मी सांगितला, प्रश्न त्याचा त्यानं मनात विचारला असावा. मग हात कलता केला. ‘हो’. मी तुकडे उचलून दिले. पुन्हा ‘हो’. तिसऱ्यांदा एक तुकडा खुर्चीखाली घरंगळला. यिनहुआ खाली वाकून बघून आली आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, “सपाट.” बाहेरचा फुगीर होता. तिनंच पाहिलं, त्यामुळं वाद घालायला जागा उरली नाही.

आता आजोबांनी सांगितल्यावर न घेण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. ती खुर्ची ढकलतेय आणि मी उगाचच बरोबर. जुन्या मोबाइलच्या बोळात चोऊ नावाच्या माणसाचं दुकान आहे. चपला फटफटवत येतो, स्वतःच्या मालाची निंदा करतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्यावर विश्वास ठेवतं. त्यानं दोन टॅब काढून ठेवले.

“हा अडीच हजार युआनचा,” तो म्हणाला. “कुठल्या तरी शिकवणीच्या वर्गातला आहे. पाठीला पोचे आलेत, पुढच्या कडेला पोरांनी मांजरांची चित्रं चिकटवलीत, ती निघत नाहीत. पण चालतो चांगला. आणि हा दीड हजाराचा. दिसायला देखणा, पण एक कोपरा मेलाय. खाली उजवीकडं. तिथं बोट लागत नाही. मागून तक्रार नको म्हणून आधीच सांगतो.”

“दोन्हीत ते चित्रांचं पान टाकून दाखव,” यिनहुआ म्हणाली.

त्यानं टाकलं. मोठी मोठी चित्रं ओळीनं आली. वर डाव्या कोपऱ्यात हिरवी खूण, ‘हो’. मधे जेवण, पाणी, झोप. आणि खाली उजवीकडं लाल फुली, ‘नको’.

यिनहुआनं देखण्या टॅबवर सगळ्या चित्रांना बोट लावून पाहिलं. यंत्र एका तरण्या पोरीच्या आवाजात, बातम्या देतात तसं, शुद्ध बोलायला लागलं. जेवण. पाणी. झोप. ‘हो’ला बोट लावलं, पोरगी गोड आवाजात ‘हो’ म्हणाली. ‘नको’ला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. बाईचा चेहरा असा खुलला, की मला हसू आवरेना.

“हा द्या,” ती म्हणाली.

“मावशी, यात ‘नको’ म्हणता येणार नाही,” चोऊ म्हणाला.

“कशाला लागतंय? पहिल्यापासून कशाला नाही म्हणायची सवय नाही त्याला.”

“चित्रं इकडची तिकडं करता येत नाहीत का रे?” मी चोऊला विचारलं.

“फुकटातलं पान आहे काका. आहे तसं घ्यायचं.”

“बरोबर आहे,” यिनहुआ म्हणाली. “फुकटात मिळालेल्याला नावं ठेवू नयेत. आणि आजोबांनी टॅब घे म्हणून सांगितलं. कुठला ते नाही सांगितलं.”

“यिनहुआ,” मी म्हणालो, “आजोबांना फसवणारी वकील तू पहिलीच.”

“हजार युआन वाचतात दादा. तेवढ्यात त्याची महिन्याची औषधं येतात.” आणि ती पिशवीत पैसे शोधायला लागली. खोटं नव्हतं ते. पैसा बेतानंच होता तिच्याकडं. पण ती पिशवीत फारच वाकून शोधत होती.

तेवढ्यात मूशेंगनं हात पुढं केला. टॅब काउंटरच्या कडेला होता. त्यानं बोट लावलं ते थेट त्या मेलेल्या कोपऱ्यावर. काही नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग जोरानं. मग बोट तिथंच दाबून धरलं, नख पांढरं पडेपर्यंत. मान हो-हो करत डुलत होती आणि बोट लाल फुलीवरून हलत नव्हतं. यंत्रातली पोरगी गप्प.

चोऊनं माझ्याकडं पाहिलं, मी चोऊकडं. यिनहुआ पिशवीतून मान वर काढून त्या बोटाकडं बघत राहिली. मग तिनं हळूच त्याचा हात धरून उचलला, मांडीवर ठेवला, बोट चोळून दिलं.

“तो मांजरांचा द्या,” ती चोऊला म्हणाली. “आणि पोचे आहेत त्याचे शंभर कमी करा.”

चोऊनं दोनशे कमी केले आणि लागलीच दुकानाच्या मागच्या बाजूला निघून गेला.

वडाखाली परत आलो तेव्हा मास्तर पट मांडून बसले होते. मूशेंगच्या मांडीवर यिनहुआनं टॅब ठेवला आणि दुपार झाली म्हणून सवयीनं डबा उघडला. चमचा भरला, फुंकर घातली, त्याच्या तोंडाशी नेला.

“नको,” बातम्यांची पोरगी म्हणाली.

मास्तरांच्या हातातली सोंगटी पडली. यिनहुआनं चमचा तसाच धरला होता. “चुकून लागलं बोट,” ती म्हणाली आणि चमचा आणखी पुढं नेला.

“नको.”

“अरे, तुला आवडतं हे.”

“नको. नको. नको.” ज्या माणसानं बर्फातल्या माशांना दचकवलं, तो आता बातम्या देणाऱ्या पोरीच्या आवाजात कारलं नाकारत होता. मी इतका हसलो की मला ठसका लागला. मास्तर डोळे पुसत होते. मूशेंगच्या तोंडाची चालणारी बाजू वर गेली होती, आणि तो हसतोय हे कळायला आता कुणा वकिलाची गरज नव्हती.

“वकीलबाई, अशिलानं बाजू सोडली,” मास्तर म्हणाले. “मूशेंग, देवळापुढच्या नाटकाचा तुला खरंच त्रास होतो का रे?”

“नको,” यंत्र म्हणालं. “नको.”

“त्रास नाही म्हणतोय,” मी सांगितलं.

“आता तुम्ही कशाला अर्थ लावताय?” यिनहुआ माझ्यावर फणकारली. डब्याला झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. “दोन वर्षं. दोन वर्षं रोज बाजारात जाऊन निवडून कारली आणली मी. ती इस्पितळातली बाई म्हणाली होती रक्तदाबाला चांगली. मला काय हौस होती?”

कुणी हसेना. मूशेंगनं बोट उचललं होतं. ते काचेच्या वर तसंच तरंगत राहिलं.

मला वाटलं ती आता त्याला घेऊन घरी जाईल. ती उठली, अडसर काढायला खाली वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग खुर्चीच्या चाकाशी तशीच खाली बसली, आम्ही बसलोय याची पर्वा न करता. तिचा चेहरा उतरला होता.

“मूशेंग,” ती म्हणाली, “पोयुन तुला शिनचूला ने म्हणतो. चांगली जागा आहे. मी बघून आलेय, तुला सांगितलं नाही. स्वच्छ आहे. मी तुझ्या वतीनं नाही म्हणून बसले. तुला विचारलं नाही. आता विचारते. तुला जायचंय?”

“नको.”

तिनं मान हलवली. “असं नाही. तू मघापासून सगळ्यालाच नको म्हणतोयस. नवं खेळणं मिळालंय तुला. तुझं बोट तिथंच बसलंय.” ती थांबली. मग प्रश्न उलटा केला. कौल लावताना शंका राहिली की आम्ही करतो तसा. “तुला इथं राहायचंय? माझ्याजवळ?”

त्याची मान डुलायला लागली. हो-हो-हो.

“मानेनं नको,” ती म्हणाली. “ही मान मला माहितेय. बोटानं सांग.”

हिरवी खूण पार वरच्या टोकाला, डावीकडं. मूशेंगचा हात लाल फुलीवरून निघाला. कोपर खुर्चीच्या दांड्याला अडलं. त्यानं ते सोडवलं. हात झोपेवरून गेला, पाण्यावर अडखळला, पोरगी ‘पाणी’ म्हणाली. यिनहुआ जागची हलली नाही, तिनं पाणीही दिलं नाही. बोट पाण्यावरून सुटलं, मांजरांच्या चित्राला घासत काठानं वर सरकलं आणि टेकलं.

“हो,” पोरगी म्हणाली.

मास्तरांनी तोंड वडाकडं फिरवलं. मी चहा ओतायला घेतला आणि सगळा पेल्याच्या बाहेर ओतला. यिनहुआ त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून रडली, चांगली मोठ्यानं, आमच्यादेखत. मग बाहीनं नाक पुसलं, मान वर केली आणि त्याच्यावर डोळे वटारले.

“मग आधी सांगायचं ना,” ती म्हणाली.